टिकाऊतून टाकाऊ

आमच्या घरात वस्तू मरत नाहीत. त्यांचा पुनर्जन्म होतो. माणसाला म्हणे चौऱ्यांशी लक्ष योनी फिराव्या लागतात. आमच्या घरातली चादर त्या दहा-बारा वर्षांत फिरून मोकळी होते. आधी ती पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली चादर असते. मग घरच्यांची होते. मधोमध विरली की कडेच्या धड भागाचे अभ्रे होतात. अभ्रे फाटले की पोळ्यांच्या डब्यातली फडकी, त्यातून ओट्याचं फडकं, त्यातून फरशीचं, आणि शेवटी सायकल पुसायचं. सायकल विकून आम्हाला वीस वर्षं झाली, पण सायकल पुसायचं फडकं अजून खिळ्याला आहे. 'असू द्या हो, उद्या सायकल घेतलीत तर?' असं आमची ही म्हणते. मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे.

माझ्या शर्टांचीही तीच कथा. लग्न झाल्यापासून माझ्या एकाही शर्टाची सगळी बटणं एका जातीची असल्याचं मला आठवत नाही. दुकानातून शर्ट आणला की पहिले सहा महिने ठीक. मग धोबी एखादं बटण फोडतो, आणि त्या जागी एक पाहुणा येऊन बसतो. पाच बटणं पांढरी, तर एक पिवळसर. पाच चार भोकांची, तर एक दोन भोकांचं. आमचं लग्न १९७८ सालच्या मे महिन्यातलं. त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्रात पुलोदचं सरकार आलं, तेव्हा आमचे हेडक्लार्क माझ्या छातीकडे बोट दाखवून सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं म्हणाले होते, 'अहो, तुमच्या शर्टावर तर आघाडी सरकार केव्हाच आलंय!' मी घरी येऊन हिला म्हटलं, 'बाजारात एका रंगाची बटणं मिळतात.' ही म्हणाली, 'बटण लागतंय ना? मग झालं तर.'

ह्या बटणाचं पुढे बरंच काही व्हायचं आहे, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

जुन्यातून नवं करायची ही विद्या हिने माहेराहून आणलेली नाही. ती तिला माझ्या आईकडून मिळाली. माझी आई ह्या बाबतीत शास्त्रीबुवाच होती. विशेषतः डालड्याच्या डब्यांच्या बाबतीत. तुमच्यापैकी ज्यांचे केस पिकलेत त्यांना तो पिवळा पत्र्याचा डबा आठवत असेल. वर हिरव्या झाडाचं चित्र. माणसाच्या आयुष्याचे चार आश्रम सांगितलेत, तसे आईने ह्या डब्याचेही चार आश्रम ठरवले होते. डबा तुपाने भरलेला असे तो त्याचा ब्रह्मचर्याश्रम. वनस्पती संपलं की घासूनपुसून त्यात रवा, डाळ, पोहे भरायचे, हा गृहस्थाश्रम. झाकण सैल झालं, पत्र्याला गंज धरला, की तळाला खिळ्याने भोकं पाडून माती भरायची आणि तुळस किंवा ओवा लावून गॅलरीत ठेवायचा. हा अक्षरशः वानप्रस्थाश्रम. राहता राहिला संन्यास. ज्या डब्यांना भोकं पाडलेली नसत, त्यांना आमच्या वाड्याच्या टोकाशी सकाळी सातच्या रांगेत प्रत्येक बिऱ्हाडाच्या हातात मानाचं स्थान होतं. संन्याशाला मानापमान नसतो म्हणतात, ते त्या रांगेत पटायचं.

पण आमच्या घरात एक डालड्याचा डबा ह्या चारही आश्रमांच्या पलीकडे होता. त्यात बटणं होती.

आईचा नियम होता, 'कपडा फाटतो, बटण फाटत नाही.' शर्ट पायपुसण्याच्या लायकीचा झाला की त्याची पहिली रवानगी आईच्या कात्रीकडे. ती बटणं एकेक करून कापायची, दोऱ्याचे धागे काढायची आणि डब्यात टाकायची. वडिलांच्या शर्टांची शिंपल्याची बटणं, आजोबांच्या बाराबंदीची नव्हे, पण कोटाची मोठी काळी बटणं, माझ्या लहानपणच्या चड्ड्यांची, बहिणीच्या झबल्याची फुलाफुलांची. डबा हलवला की असा काही आवाज यायचा, की वाटावं घरात पैसाअडका आहे.

आम्ही तेव्हा नारायण पेठेत, नदीच्या बाजूला एका वाड्यात दोन खोल्यांत राहत होतो. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्यापाठोपाठ खडकवासल्याचं फुटलं आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. मी नऊ वर्षांचा. आईने एका हातात मला आणि एका हातात बहिणीला धरलं आणि आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी सदाशिव पेठेत मामांकडे आलो. दोन-तीन दिवसांनी वडील, आई आणि मी वाडा बघायला गेलो. वाडा मातीचा, त्याच्या भिंती मातीला मिळाल्या होत्या. आमची खोली कुठली आणि शेजाऱ्यांची कुठली, हे चिखलावरून सांगता येत नव्हतं. चिखल उपसता उपसता वडिलांच्या हाताला काहीतरी पत्र्याचं लागलं. तो हा डबा. झाकण घट्ट बसलेलं होतं. आईने ते उलथन्यासारख्या एका तुकड्याने उचकटलं, तर आत सगळी बटणं कोरडी!

वडिलांनी डबा हातात घेतला, वाजवला आणि म्हणाले, 'वा! बटणं आहेत. आता फक्त शर्ट घेतले की संसार पूर्ण झाला.'

त्या चार दिवसांत आई पहिल्यांदा हसली. आणि हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला. मला तेव्हा कळलं नाही की एकाच विनोदाला ह्या दोन्ही गोष्टी कशा.

तेव्हापासून आईने काहीही टाकलं नाही. ज्याचं एकदा सगळं वाहून जातं, त्याला सुतळीचा तुकडासुद्धा मालमत्ता वाटतो. लोक तिला चिकट म्हणत. आम्ही मुलंसुद्धा म्हणत असू. बोहारीण दारात आली की ती आईकडून एक धडका सदरा कधी नेऊ शकली नाही. 'भांडं मिळेल हो,' आई म्हणायची, 'पण गोधडीला आत काय घालू? भांडं?'

हे झालं आईचं. आईच्या कामाला कोणी कला म्हणत नसे, त्यामुळे ते स्वस्तात व्हायचं. हिच्या हातात ही विद्या आली आणि तिची कला झाली. काटकसरीची कला झाली की ती किती महाग पडते, हे मी पेन्शनीत निघालो तरी फेडतो आहे.

सुरुवात पोपटापासून झाली. १९८३ साली आमच्या सोसायटीतल्या महिलांनी 'टाकाऊतून टिकाऊ'चा वर्ग काढला. फी पंचवीस रुपये. पहिल्या धड्याला उडालेल्या बल्बचा पोपट होता. बल्ब फुकटचा, हे कबूल. पण त्यावर गुंडाळायला हिरवी लोकर आली, चिकटवायला फेव्हिकॉल आला, चोचीसाठी लाल मखमल, डोळ्यांसाठी काळे मणी, बसायला पितळी तार. एवढं झाल्यावर हिच्या मनात आलं की पोपट एकटा दिसतो. त्याला दोन पिल्लं हवीत. पिल्लांना लहान बल्ब हवे, म्हणजे झिरोचे. आणि आमच्या घरातला झिरोचा बल्ब काही केल्या उडेना! आठ दिवस रात्रभर चालू ठेवून पाहिला. तो पठ्ठ्या आमच्यापेक्षा टवटवीत. शेवटी दोन नवे कोरे बल्ब आणले आणि त्यांना लोकरीत पुरलं. मी जमाखर्च मांडला: फी सोडून अठरा रुपये सत्तर पैसे, वीजबिल वेगळं. तुळशीबागेत पिंजऱ्यासकट पोपट चार रुपयांना मिळत होता.

'पण तो विकतचा झाला,' ही म्हणाली.

मग साबणाची बास्केट झाली. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी कृती सांगतो. अंघोळीच्या साबणाची अख्खी वडी घ्यायची. तिच्या वरच्या आणि खालच्या कडेने ओळीने टाचण्या टोचायच्या. टाचण्यांतून साटीनची रिबन वर-खाली, वर-खाली अशी विणत न्यायची. वर तारेचा कमानदार दांडा, त्यालाही रिबन, आणि मधे कागदी फुलं. टोपली तयार! ह्यात टाकाऊ काय, असं मी विचारलं. ही म्हणाली, 'टाचण्या तुमच्या कचेरीतल्या आहेत.' त्या महिन्यात शोकेसमध्ये तीन सुवासिक टोपल्या होत्या आणि आम्ही डाळीच्या पिठाने अंघोळ करत होतो.

१९८९ साली माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलो तेव्हा ही उशाशी बसलेली. मला वाटलं, माझ्याकडे बघते आहे. जरा नीट पाहिल्यावर लक्षात आलं की तिची नजर माझ्यावर नसून सलाइनच्या नळीवर आहे. 'सिस्टर,' ती हळूच म्हणाली, 'ही संपली की नळी टाकू नका हं.' त्या नळ्यांचे पाच मासे झाले. ते बरीच वर्षं आमच्या दारावर लटकत होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला ही कौतुकाने सांगायची, 'ह्यांच्या ऑपरेशनचे आहेत.' लोक माशांकडे बघायचे, मग माझ्याकडे बघायचे.

मध्यंतरी १९८६ साली मला प्रवासभत्ता मिळाला, म्हणून आम्ही चंदीगडला गेलो होतो. ती माझी सर्वांत मोठी चूक. तिथे नेकचंद ह्यांचं रॉक गार्डन आहे. हे गृहस्थ सरकारी बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक होते. शहर बांधताना निघालेला राडारोडा, फुटक्या कपबश्या, मोडक्या बांगड्या, टाकून दिलेल्या फरश्या, हे सगळं गोळा करून त्यांनी सरकारी जंगलात कोणाला पत्ता लागू न देता वर्षानुवर्षं एक नगरीच वसवली. सरकारला कळलं तेव्हा ती पाडायची की ठेवायची असा प्रश्न पडला. शेवटी १९७६ साली ती लोकांना खुली झाली, आणि १९८४ साली नेकचंदांना पद्मश्री मिळाली. फुटक्या बांगड्यांनी मढवलेल्या त्या बाहुल्यांच्या रांगा पाहून मीसुद्धा चाट पडलो. पण ही एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, थकली. परतीच्या गाडीत, पार मनमाड मागे पडल्यावर म्हणाली, 'सरकारने त्यांना अख्खं जंगल दिलं. तुम्हाला मला एक माळा देववत नाही.'

मी माळा दिला.

तेव्हापासून आमच्या घरावर एक दुसरं घर आहे. त्यात काडेपेट्यांचा सोफासेट आहे, लग्नपत्रिकांचे आकाशकंदील आहेत, फुटक्या बांगड्यांचं झुंबर आहे, आतल्या रिबिनी निघालेल्या कॅसेटी आहेत, पायपुसण्यासाठी वेणी घालून ठेवलेल्या साड्या आहेत. एक थर्मोकोलचं मखरही आहे. महाराष्ट्रात २०१८ साली थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून ते वापरताही येत नाही आणि हिच्याने टाकवतही नाही. आणि ह्या सगळ्याच्या मागे, कोपऱ्यात, आईचा डालड्याचा डबा. आई १९९६ साली गेली. जाण्याच्या आधी वर्षभर तिने तो हिच्या हातात दिला होता, सोन्याच्या बांगड्यांबरोबर. बांगड्यांची वाटणी बहिणीबरोबर झाली. डब्यात कोणी वाटा मागितला नाही.

आता अलीकडची गोष्ट. आमची नात मनू चौथीत आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिला शाळेतून 'बेस्ट आऊट ऑफ वेस्ट' नावाचा प्रकल्प आला. आमच्या वेळी ह्याला टाकाऊतून टिकाऊच म्हणत. सोबत यादी: आइस्क्रीमच्या काड्या पन्नास, रंगीत, पेपर कप दहा, रिकामा डबा एक. सूनबाईंनी फोन हातात घेतला, चार ठिकाणी बोट लावलं, आणि दुसऱ्या दिवशी दारात भलंमोठं खोकं आलं. त्यात पाकीटबंद, कोऱ्या, कधीही कोणीही न चाटलेल्या आइस्क्रीमच्या काड्या होत्या! सोबत कोरे पेपर कप. आणि ते टाकाऊ सामान ज्यातून आलं, ते उत्तम, दणकट, एखाद्या बाहुलीचं दोन मजली घर सहज होईल असं खोकं सूनबाईंनी कचऱ्यात ठेवून दिलं.

मी मनूला म्हटलं, 'अगं, असं नसतं. आपल्या पुण्यातच अरविंद गुप्ता म्हणून एक गृहस्थ आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. चांगले आयआयटीत शिकलेले. त्यांनी आयुष्यभर कचऱ्यातून खेळणी केली आणि पोरांना विज्ञान शिकवलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी कापायची, तिचे तुकडे काडेपेटीच्या काड्यांना जोडायचे. तीन काड्यांचा त्रिकोण करून दाबून बघ, तो जागचा हलत नाही. चार काड्यांचा चौकोन कर, लगेच कलंडतो. म्हणून पुलाला त्रिकोण असतात. ह्याला म्हणतात टाकाऊतून टिकाऊ!'

मनूला पटलं. 'आजोबा, काडेपेटी द्या.' घरात एकच काडेपेटी, देवापाशी. तिला हात लावायचा नाही. गॅसला लायटर. 'मग सायकलची नळी?' सायकल नाही. सायकल पुसायचं फडकं तेवढं होतं.

'निदान रिकामा डबा तरी द्या,' ती म्हणाली.

आणि माझ्या पोटात गोळा आला.

त्याचं असं झालं होतं, की दिवाळीच्या आधी ही भाचीच्या लग्नाला चार दिवस सांगलीला गेली होती. चार दिवस म्हणजे संधी. मुलगा, सूनबाई आणि मी, आम्ही तिघांनी कट केला, भंगारवाल्याला वर बोलावलं आणि माळा मोकळा केला. सगळा नाही, पोपट, मासे आणि मखर ह्यांच्या वाटेला जायची आमची छाती झाली नाही. पण मागच्या बाजूचे पत्र्याचे डबे, गंजलेला स्टोव्ह, मोडक्या छत्र्या असं सगळं तराजूत घातलं. तीनशे चाळीस रुपये आले. त्यांच्या आम्ही भेळी खाल्ल्या. ही आली, तिने माळ्याकडे पाहिलंही नाही, आणि मी सुटलो असं समजत होतो.

आता ही स्वयंपाकघरातून म्हणाली, 'डबा हवाय? मागच्या कोपऱ्यात सासूबाईंचा आहे बघा. तोच द्या तिला.'

मी स्टुलावर चढलो. कोपरा रिकामा. मागे ते डबे एकात एक घातलेले होते, ते उचलून मीच खाली दिले होते. कुठला कोणता ते बघितलं नव्हतं. वाजवूनसुद्धा पाहिला नव्हता. स्टुलावर उभ्या उभ्या मला नारायण पेठेतला चिखल दिसला. जो डबा पानशेतच्या पुराने नेला नाही, तो मी किलोच्या भावाने दिला होता.

'सापडत नाहीये, संध्याकाळी काढतो,' असं म्हणून मी चपला घातल्या.

भंगारवाल्याच्या शेडमध्ये पोचलो तेव्हा मला दम लागला होता. पोरगेलासा माणूस. 'बसा आजोबा,' म्हणाला. मी न बसता विचारलं. त्याने शांतपणे मागे जाऊन डबा आणला. तोच! झाकणाला आईने उचकटल्याची खूण. मी म्हटलं, 'हा चुकून आला. वजनाचे पैसे घे आणि परत दे.' तो म्हणाला, 'आजोबा, हा वजनावर नाही जात आता. लोक हौसेने घेतात, हॉटेलात मांडायला. सहाशे.' मी घासाघीस करून चारशेवर आणला. तुम्ही म्हणाल, आईचा डबा आणि घासाघीस? अहो, आईचाच होता म्हणून तर केली. तिला सहाशे दिलेले सहन झाले नसते.

डबा हातात घेतला आणि हलवला. आवाज नाही. झाकण काढलं. आत सुई टोचलेली एक दोऱ्याची गुंडी आणि वर्तमानपत्राचा तुकडा. बटण एकही नाही.

आणि मग मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. बटणं कुठे टाकलीस, माझ्या आईची होती, तुम्हा लोकांना कशाची किंमत नसते, असं बरंच. चारशे रुपये त्याच्या तराजूत आपटले. तो पोरगा एवढंच म्हणाला, 'आजोबा, बटणं नव्हती हो त्यात.' मी ऐकलं नाही. रिक्षाने घरी आलो. पन्नास रुपये आणखी.

दारात ही उभी. माझ्या हातात डबा. सूनबाई आत पळाली. मी सगळं कबूल केलं. विकलेलं, परत आणलेलं, बटणं गेलेली. 'आईची बटणं मी घालवली,' मी म्हटलं आणि त्र्याहत्तराव्या वर्षी माझा आवाज फुटला.

ही क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायलाच लागली. 'अहो, गेली कुठे? तुमच्या अंगावर आहेत.'

मी खाली पाहिलं. शर्टाला पाच बटणं पांढरी. दुसरं पिवळसर, दोन भोकांचं.

'हे मामंजींच्या शर्टाचं,' ती म्हणाली. 'शिंपल्याचं आहे. लग्न झाल्या झाल्या सासूबाईंनी मला सांगितलं होतं, तुमचं बटण तुटलं की ह्या डब्यातलंच लावायचं, विकतचं आणायचं नाही. म्हणाल्या, पुरातून आलीत ती डब्यात ठेवायला नाही आली. आता शर्ट आहेत तर लावू देत. सत्तेचाळीस वर्षं लावते आहे. शर्ट बोहारणीला जायच्या आधी कापून घेते, पुढच्याला लावते. दिवाळीआधी शेवटची चार होती, ती मनूच्या बाबाच्या कुडत्याला लावली. डबा रिकामाच होता.'

मी काही बोललो नाही. सत्तेचाळीस वर्षं ज्या बटणावरून मी हिला बोललो, हेडक्लार्कच्या विनोदाला ज्याच्यावरून लाजलो, ते बटण म्हणजे माझे वडील होते. 'आता फक्त शर्ट घेतले की संसार पूर्ण झाला,' म्हणणारे. आणि मी त्यांना 'आघाडी सरकार' समजत होतो.

'आधी का नाही सांगितलंस?' मी विचारलं.

'तुम्ही कधी विचारलंत? तुम्ही नुसते बाजारात एका रंगाची मिळतात म्हणून सांगत होता.'

दुसऱ्या दिवशी सकाळी एक काम उरलं होतं, आणि ते सगळ्यांत अवघड होतं. मनूला बरोबर घेतलं. नात बरोबर असली की म्हातारा माणूस जरा बरा दिसतो. भंगारवाल्याला म्हटलं, 'बाळा, बटणं घरीच होती. काल मी नको ते बोललो. चुकलं माझं.' तो म्हणाला, 'जाऊ द्या आजोबा.' मग बसायच्या फळकुटाखालून त्याने श्रीखंडाचा एक प्लॅस्टिकचा डबा काढला आणि मनूपुढे हलवला. खळ्ळकन आवाज झाला. 'चिंध्यांत कपडे येतात ना, त्यांची आई काढून ठेवते. ती म्हणते, कपडा सडतो, बटण सडत नाही.' त्याने मूठभर बटणं मनूच्या ओंजळीत घातली. पैसे घेतले नाहीत. चारशेतलेही परत दिले नाहीत. धंदा तो धंदा.

मनूने प्रकल्प म्हणून तो डबाच शाळेत नेला. आत ती बटणं, आणि वर चिठ्ठी: 'पणजीचा बटणांचा डबा. १९६१ च्या पुरातून आला.' पन्नास रंगीत काड्या तशाच पाकिटात राहिल्या. त्या हिने माळ्यावर ठेवल्या आहेत, कधीतरी उपयोगी पडतील म्हणून. बाईंनी दहापैकी सहा गुण दिले. शेरा मारला: 'वस्तू चांगली, पण स्वतः काही केलेले नाही.'

मी जमाखर्च मांडला आहे. भंगार विकून आले तीनशे चाळीस. डबा परत घेतला चारशे, रिक्षा पन्नास, भेळ वेगळी. म्हणजे एक रिकामा डबा घरातून घरात आणायला मला एकशेदहा रुपये तोटा आला. पोपटापेक्षा महाग.

परवा माझ्या निळ्या शर्टाचं बटण तुटलं. मी स्वतःच ते पलंगाखालून शोधून काढलं, हिच्या हातात दिलं आणि विचारलं, 'हे कोणाचं?'

हिने चष्मा लावून उलटंपालटं केलं. 'हे ना,' ती म्हणाली, 'हे दुकानातलं आहे हो. नुसतं बटण.'

तरी मी ते डब्यात टाकलं. टण्ण वाजलं.